पान परतवलेला दोस्त

त्या गाडीवानाचं नावसुद्धा मी विचारलं नाही, इतका वैतागलो होतो. बेळगावच्या डॉक्टरांनी माझ्या दोस्ताच्या जिभेवरची गाठ कर्करोगाची असल्याचं सांगून पान-तंबाखू बंद केली होती. आणि आमच्या गावी, सुप्याला, बैलगाडीनं परतताना हा बाबा बैल थांबले की पानाची चंची सोडायचा, पानाला चुना लावायचा आणि दोस्तापुढंच धरायचा!

"त्याला मनाई हाय, किती येळा सांगू?" मी ओरडलो.

गाडीवानाचा चेहरा पडला. "आमच्यात पान परतवलं तर मानूस रुसला म्हनत्यात. रुसलायसा व्हय, पाव्हनं?"

दोस्तानं पान घेतलं. मी हिसकावणार, तोच त्यानं ते पटक्यात खोचलं. दिवसभर माझ्याशी न बोललेला तो गाडीवानाला म्हणाला, "रुसलोय. पन तुमच्यावर न्हाई."