बंदुकीला बांधलेली मिठागरातली दोरी

आज कल्याण स्टेशनात मी माझ्या वळकटीची दोरी चाटून पाहिली... भर दुपारी, सगळ्यांसमोर. शेजारी बसलेल्या भाताच्या व्यापाऱ्याने माझ्या पलटणीच्या कोटाकडे एकदा नीट बघितलं आणि आपलं गाठोडं हळूच लांब सरकवलं. त्याचं काही चुकलं नाही म्हणा!

रजा संपवून परत निघालेलो. गाडीला अजून तासभर अवकाश आहे, म्हणून हे लिहायला घेतलंय.

आमचं गाव ठाण्याच्या खाडीकाठी. तीन पिढ्या मिठागरात गेल्या. पलटणीत भरती झालेला घरातला मी पहिलाच, त्यामुळे माझ्या बापाला, बाला, माझं भारी कौतुक. मागच्या खेपेला निघताना त्याने माझी वळकटी मिठागरातल्या काथ्याच्या दोरीने स्वतः आवळून दिली. चांगली लांबलचक, वापरून मऊ झालेली दोरी...

तिथून आम्ही पोचलो थेट सरहद्दीवर. नव्या बंदुका होत्या, लांब पल्ल्याच्या, पण एक खोड मोठी वाईट. दहा-पंधरा बार काढले की नळी अशी तापायची की डावा हात ठेवता येऊ नये. माझ्या तळव्याला दोनदा फोड आलेले.

सरकारी बंदुकीला कुणी काही जोडायचं नाही, असा सक्त हुकूम. तरी प्रत्येकाची आपापली युक्ती होतीच... शेजारच्या पलटणीतले चामडं शिवून घ्यायचे, आमच्यातले कुणी फेट्याची चिंधी गुंडाळायचे. साहेब तपासणीला येणार असं कळलं की सगळं काढून ठेवायचं. एरवी साहेबही दुसरीकडे बघत, कारण भाजलेल्या हाताने नेम धरता येत नाही हे त्यांनाही कळत होतं.

मी मात्र बाची विद्या वापरली. मीठ ओढायच्या फळीच्या दांड्याला तो जशी दोरी गुंडाळतो, तशी... वेढ्याला वेढा चिकटवून, शेवटचं टोक आत ओढून घेऊन, वर एकही गाठ नाही. नळी आणि खालचं लाकूड दोन्ही एकत्र वेढली. हात एकदम गार! दोन दिवसांत आमच्या तुकडीतले सात जण माझ्या मागे लागले. दोरी भरपूर होती. सगळ्यांना बांधून दिली. काय सांगू, पलटणीत माझा भाव वधारला. नाईकाच्या बढतीच्या पट्टीसाठी माझं नाव गेलेलंच होतं... मी लगेच घरी पत्र धाडलं, पट्टी आलीच म्हणून.

बंदूक आम्ही रोज आतून पुसायचो. पण इतकी सुबक बांधलेली दोरी रोज कोण सोडणार? त्यात मधे तपासणी झाली नाही, थंडी सुरू झाली, पहाटे दव पडायला लागलं. एक दिवस नवे साहेब न सांगता तपासणीला आले, आणि त्यांनी माझ्याच बंदुकीची दोरी सोडायला लावली.

नळीवर लालभडक गंज... दोरीच्या एकेका वेढ्याचा ठसा उमटलेला. मग बाकीच्या सात सोडल्या. आठही तशाच.

आमचे सुभेदार साताऱ्याकडचे. त्यांनी दोरीचा तुकडा हुंगला, मग जिभेला लावला. "आरं, ही तर मिठानं माखलीय की!"

खरं सांगतो, मला ते कधी जाणवलंच नव्हतं. आमच्याकडे कपड्यात मीठ, केसात मीठ, हाताच्या भेगांत मीठ... आम्हाला ते वेगळं लागतच नाही. दुसऱ्या कुठल्याही गावच्या शिपायाने ती दोरी जिभेला लावली असती तर लगेच ओळखली असती.

दोरी माझी होती, ते मी कबूल केलं. गंज वरवरचा निघाला हे नशीब. आठही नळ्या मी एकट्याने तेल लावून घासल्या, पंधरा दिवस लागले. पट्टी मात्र गेली... ती दुसऱ्या कुणाच्या बाहीवर लागली.

तर या रजेत घरी गेलो. बाने सगळ्या गावाला सांगून ठेवलेलं, पोरगा नाईक झाला म्हणून. त्याने माझ्या मोकळ्या बाहीकडे पाहिलं. जेवताना फक्त एवढंच म्हणाला, "दोरी कामाला आली का रं?" मी म्हटलं, "आली ना, लई कामाला आली." मी ताटात खाली बघून भात कालवत राहिलो.

शेवटी निघायच्या चार दिवस आधी खरं सांगून टाकलं. त्याने आपले हात उलटसुलट करून पाहिले. "पोरा, ती दोरी मीच दिलती ना तुला..." एवढं बोलून उठून गेला. पुढचे चार दिवस तो माझ्याशी धड बोलला नाही. मला वाटलं, गावात मान खाली गेली म्हणून रागावलाय.

आज निघालो तेव्हाही वळकटी त्यानेच बांधली, नव्याकोऱ्या काथ्याच्या दोरीने. आई वेशीपर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "चार दिस धुतोय तो ही नवी दोरी. माझा हंडा घेऊन सोता जायचा गोड्या पान्याला... त्या पान्यानं धुतली."

काथ्या खाडीच्या पाण्यातच भिजवतात, म्हणून नव्या दोरीतही मीठ असतं; आणि आमच्या गावातल्या विहिरीही खाऱ्या. गोडं पाणी पाऊण कोसावरून डोक्यावर आणावं लागतं, पिण्यापुरतं जेमतेम. आंघोळसुद्धा आम्ही खाऱ्या पाण्याने करतो. त्या पाण्याचे हंडेच्या हंडे बाने दोरीवर ओतले.

म्हणून स्टेशनात चाटून पाहिली... एकदा नाही, तीनदा. नुसत्या काथ्याची चव. मिठाचा कणसुद्धा नाही.

व्यापाऱ्याला हे सगळं सांगितलं, तेव्हा त्याने आपलं गाठोडं परत जवळ ओढलं आणि मला बसायला नीट जागा करून दिली. बा, पट्टीचं पुढं बघू... या वेळी मी बंदुकीला दोरी तुझ्या हातची बांधणार आहे.