करवंदाची जाळी

हातगाडीवरच्या करवंदांचा आंबटगोड वास आला की डिंडोलीतली आमची भाड्याची खोली आठवते. नव्वदच्या दशकातले दिवस. वडील कापड विणायच्या लूमवर कामाला जायचे. आईने गावाकडून करवंदाचं रोप आणून खोलीमागे लावलं होतं, त्याची आता दाट जाळी झाली होती. त्या उन्हाळ्यात काळ्या फळांच्या आड बुलबुलाने घरटं केलं, तीन पिल्लं झाली. एका सकाळी घरमालक कोयता घेऊन आला. त्याला तिथे संडास बांधायचा होता. “आ कांटा काढी नाखो,” हे काटे काढून टाका, असं तो गुजरातीत म्हणाला. आई हातातली भांडी टाकून जाळीला पाठ लावून उभी राहिली. काटे पाठीत रुतत होते, तरी हलली नाही. “हात लाईसन देख!” हात लावून तर बघ, असं ती गावाकडच्या बोलीत ओरडली. “ पहले पिल्लं उडू दे, फिर तोड.” “तो खोली खाली करो!” “करूंगी. पण पिल्लं उडाल्यावर.” तो पाय आपटत गेला. दहा-बारा दिवसांनी घरटं रिकामं झालं आणि त्याच दुपारी आईने स्वतः जाऊन खोलीची किल्ली त्याच्या हातावर ठेवली. तेव्हा ती माझ्या आजच्या वयाहून लहान होती, आणि दुसरी खोली आम्ही अजून बघितलीही नव्हती.