इन्स्पेक्शनची कोरडी भिंत

लोकांना वाटतं, फौजेत माणूस गोळीनंच मरतो. मी इंजिनिअर्समध्ये बावीस वर्षं काढली. आमचं निम्मं आयुष्य सिमेंट, पाइप आणि पंप यांतच गेलं.

सत्तरच्या दशकात मी हवालदार होतो. पोस्टिंग नागपूरजवळ, म्हणजे घराजवळच. टेकडीच्या पोटात दारूगोळ्याचं जुनं भुयारी कोठार होतं. त्याची मागची भिंत पाझरत होती. भिंतीला भोकं पाडायची, पंपानं पातळ सिमेंट आत दाबायचं, मागच्या भेगा बुजवायच्या. याला ग्राउटिंग म्हणतात. सिमेंट पुरतं धरेपर्यंत तळाशी दोन लोखंडी पाइप उघडे ठेवायचे, म्हणजे मागे साचणारं पाणी निघून जातं. ते बंद केले की सगळा दाब भिंतीवर येतो. हे माझ्या हाताखालच्या पोरांना मीच शिकवलं होतं.

ऑगस्ट होता. पाइपांतून पाणी चालू, फरशीवर चिखल. ११०० ला कमांडिंग ऑफिसरचं इन्स्पेक्शन. फौजेत इन्स्पेक्शन म्हटलं की झाडाच्या बुंध्यालासुद्धा गेरू लागतो. मी लान्स नाईक शंकर मेश्रामला म्हणालो, "पाइपांना लाकडी बुचं ठोक. फरशी पुसून घे."

शंकर नागपूरचाच, चोवीस वर्षांचा. माझ्याशी घरच्या बोलीतच बोलायचा. "काहून जी? दाब चढन ना."

"अर्धा तास. साहेब गेले की काढू. ऑर्डर आहे."

"ठीक आहे, हवालदार साहेब."

साहेब खूश झाले. "शाब्बास हवालदार, एकदम कोरडं!" ११२० ला ते बाहेर येऊन चहाला बसले. मलाही बसवून घेतलं. साहेबांसमोरून उठायचं कसं? कप धरून मी घड्याळ बघत होतो. आग लागो त्या चहाला.

१२०५ ला फील्ड टेलिफोन वाजला. आतून शंकर बोलत होता. माझी वाट न बघता तो एकटाच बुचं काढायला गेला होता.

"हवालदार साहेब, भिंतीले फुगारा आला. पाणी मातकट येऊन राहिलं."

मातकट पाणी म्हणजे मागची माती सुटली.

"बाहेर ये. लगेच."

"एक बूच निघालं. दुसरं फुगून बसलं. दोन मिनिटं."

"शंकर, बाहेर. ऑर्डर आहे."

"आलोच जी."

मग नुसती खरखर. १२०८ ला भिंत कोसळल्याचा आवाज झाला. आम्ही धावलो. त्याला बाहेर काढायला चार तास लागले. मला रडू आलं नाही. मी पंप धुतला, हत्यारं जागेवर लावली, रिपोर्ट लिहायला बसलो.

चौकशी अहवालाच्या पहिल्या मसुद्यात लिहिलं होतं, बुचं लान्स नाईकनं स्वतःच्या मर्जीनं ठोकली. मी म्हणालो, "नो सर. ऑर्डर माझी होती." मला सक्त ताकीद मिळाली. बस्स, तेवढंच.

पंधरवड्यानं मी त्याच्या घरी गेलो. आई दारातच बसली होती.

"माह्या पोराची चुकी होती का जी?"

"नाही, मावशी."

"मंग कोनाची?"

"माझी."

ती म्हणाली, "तो मले सांगे, माय, मी हवालदार साहेबाच्या हाताखाली हावो, तू भेऊ नोको."

मी "हो" म्हणालो.