होय महाराजा

बाबा मंगळवारी दुपारी गेले. बुधवारी स्मशानातून परतल्यावर पक्षाच्या जिल्हाध्यक्षांनी बाबांची लिखाणाची शेवटची वही मागितली.

बाबा एकदा आमदार होते. त्याआधी आणि त्यानंतर रत्नागिरीच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत. दुसऱ्या वेळी तिकीट कापलं गेलं, तेव्हा ते पुन्हा वर्गात गेले आणि दर आठवड्याला एक राजकीय लेख लिहू लागले. पक्षातले लोक त्याला ‘मास्तरांची पोटदुखी’ म्हणत. वाचत कोणी नसे. त्यांच्या घरांत पुस्तकासारखं म्हणून मी फक्त लग्नाचे अल्बम पाहिले आहेत.

त्या शेवटच्या वहीत आमदारकीच्या काळातला एक प्रसंग होता. समुद्राकाठच्या जमिनींचं विधेयक मच्छीमारांच्या मुळावर येणार, हे बाबांना ठाऊक होतं. विरोधाचं भाषण त्यांनी लिहूनही नेलं होतं. सभागृहात ‘अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे’ असं पुकारलं गेलं आणि बाबा इतरांबरोबर ‘होय’ म्हणाले. खाली त्यांनी लिहिलं होतं : ‘आमच्या गावी गुरव गाऱ्हाणं घालतो आणि गाव प्रत्येक वाक्याला “व्हय महाराजा” म्हणतं. तिथे निदान समोर देव असतो.’ त्या पानावर मला बाबांचा राग आला. अजून आहे.

शोकसभा रत्नागिरीजवळच्या पालीला झाली. फ्लेक्सवर बाबांपेक्षा जिल्हाध्यक्षांचा फोटो मोठा. ज्यांनी तिकीट कापलं, तेच बाबांच्या निष्ठेवर बोलले. शेवटी जिल्हाध्यक्षांनी हात उंचावला. “सरांचं अपुरं लेखन आपण छापू! सरांच्या आत्म्याला शांती लाभो!”

मागच्या रांगेत आमच्या गावचे एक आजोबा पेंगत होते. ते दचकून जागे झाले आणि सवयीने ओरडले, “व्हय महाराजा!”

हशा पिकला. मग सगळ्या हॉलनेच तसं म्हटलं. तासाभराच्या भाषणांत एवढं खरं कोणी बोललं नव्हतं.

चहाच्या वेळी जिल्हाध्यक्ष जवळ आले. “बाय, उद्या गाडी पाठवतो. वही देऊन टाक. थाटात छापू.”

“विधेयकाचं पान राहील ना?”

“तेवढं काढू. गेलेल्या माणसाची अब्रू असते गो.”

“त्या दिवशी तुम्हीही आमदार म्हणून सभागृहात होतात.”

ते हसले. “मास्तरांची मुलगी शोभतेस हो. आता होय म्हण आणि मोकळी हो.”

घरी, शाळेत, सासरी मी आयुष्यभर होयच म्हणत आले होते. “नाही,” मी म्हटलं. आवाज इतका बारीक निघाला, की त्यांनी “आं?” केलं. मला तो शब्द पुन्हा म्हणावा लागला.

गाडी आली नाही. वही माझ्या कपाटात आहे. बाबांनी न केलेलं भाषण तिच्यात घडी घालून ठेवलेलं आहे.