प्रज्ञामागून कोण म्हणणार

माझी नात प्रज्ञा श्रीरामपूरला कॉलेजात शिकवते. धर्म आणि बाया हा तिचा अभ्यास. खोड लहानपणचीच. कोल्हारच्या आमच्या विहारात एकदा म्हणाली, "तात्या, झाडून काढायला समद्या आज्या, आन् पुढं बसून वंदना म्हणायला कायम कारभारीबाबाच का?" मी तिला गोडीशेव घेऊन दिली. पोरीनं शेव खाल्ली, प्रश्न तसाच ठेवला आणि पुढं त्याच्यावरच पीएच.डी. केली. आता बोला.

गेल्या मे महिन्यात शेजारच्या रश्मीचं लग्न होतं. विधी प्रज्ञाताईच लावणार, असं रश्मीनं आधीच सांगून ठेवलेलं. प्रज्ञानं त्याचं शिबिरही केलंय. तरी नवरदेवाचा चुलता भीमराज ऐन मांडवात अडून बसला.

"बाईनं लावलेलं लगीन आमच्याकडं कुनी मानत न्हाई. दुसरा मानूस बोलवा, न्हाईतर आमी गाड्या वळवतो."

"वळवा की," रश्मी म्हणाली, "पन योगेशला इचारून वळवा."

नवरदेव योगेश आपल्या बुटांकडं बघत राहिला.

प्रज्ञा वाद घालत बसली नाही. तिनं मेणबत्त्या लावल्या, माइक घेतला आणि त्रिशरण सुरू केलं, 'बुद्धं सरणं गच्छामि'. आमच्यात रीत अशी, की पुढच्यानं ओळ म्हणायची आणि सगळ्या मांडवानं ती मागून म्हणायची. कोणी म्हटलीच नाही तर विधी तिथंच बसला. पहिल्या ओळीला रश्मीचा आवाज आला आणि माझा भसाडा. वऱ्हाड गप्प. आमच्याकडचे पाहुण्यांची तोंडं बघून गप्प. प्रज्ञा पुढं जाईना. तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली.

तेव्हा वऱ्हाडातून ती ओळ म्हणणारा एका म्हातारीचा ठणठणीत आवाज आला. भीमराजची आई, राहीबाई.

"आये, तू गप," भीमराज म्हणाला.

"तुला हे चुलीपुढं बसवून कुनी शिकवलं रं? तवा बाई चालली?" आणि ती नातवाकडं वळली, "लगीन तुझं हाय, योगेश. तोंड उघड."

योगेशनं घसा खाकरला. ओळ म्हणाला, तीही चुकीची. प्रज्ञानं दुरुस्त करून दिली, त्यानं परत नीट म्हटली. मग सगळा मांडव त्याच्यामागं आला.

भीमराजचे ओठ शेवटपर्यंत हलले नाहीत. पण गाड्याही वळल्या नाहीत. पंगतीत प्रज्ञा बुंदी वाढत त्याच्यापर्यंत गेली.

"वाढू का, काका?"

"वाढ. पन साक्षीदार म्हनून मी सही करनार न्हाई."

"ती राहीआजीनं मघाशीच केली," म्हणत तिनं बुंदीचा डाव त्याच्या पानात उपडा केला.