पंख्याच्या दांडीला बाशिंगं

अंबाडीच्या नाक्यावर टेम्पोत बसले तेव्हा मांडीवर एकच गाठोडं होतं आणि त्यावर माझे दोन्ही हात. आत आमच्या लग्नाची बाशिंगं होती, त्याचं एक, माझं एक. आईने शिंदीची पानं चिरून विणलेली, फुलंसुद्धा पानांचीच. टेम्पो हलला तशी ती दोन पावलं मागं आली. म्हणाली, "घराच्या आढ्याला बांध. त्याचं बाशिंग भुईला टेकू देव नुको, पोरी. घरधन्याचा जीव हाय त्यात." पाड्यावर राहिलेल्यांनो, पुढचा रस्ता कसा होता ते मला विचारू नका. मी गाठोडंच बघत होते.

नवरा भिवंडीत लूमवर. त्याने भाड्याने घेतलेल्या खोलीत शिरले आणि आधी वर पाहिलं. आढं नाही, वासा नाही. सपाट स्लॅब आणि मधोमध पंखा. मी शहाणी, स्टुलावर चढले, दोन्ही बाशिंगं पंख्याच्या दांडीला बांधली आणि नवऱ्याला बजावलं, पंखा लावायचा न्हाय.

वैशाख चालू होता. शिफ्ट संपवून तो निथळत यायचा आणि बंद पंख्याखाली बसून पुठ्ठ्याने वारा घ्यायचा. शेजारची भाभी दारातून हसायची, "जिंदा रखने के लिए मार डालोगी क्या आदमी को?" मी तोंड फिरवायची. तिला काय ठाऊक? लूमचा धोटा निसटून त्याच्या शेजारच्या कारागिराचा डोळा गेला होता. म्हणून मी भाकरी थापतानाही मान वर करून गाठ बघायची. भाकऱ्या करपायच्या, गाठ पक्की.

एका सकाळी लाइट नव्हती. आली का बघायला त्याने ड्युटीवर निघताना चुकून पंख्याचं बटण दाबलं आणि तसंच ठेवून गेला. दुपारी लाइट आली. वर पात्यांत करकर झाली आणि त्याचं बाशिंग दोन तुकडे होऊन माझ्या पायाशी पडलं. माझं मात्र वरच, वाऱ्यावर मजेत डुलत होतं. त्याच वेळी गल्लीतले सगळे लूम एकदम खडखडायला लागले. ज्या करंटने बाशिंग तोडलं तोच त्याच्या लूममध्ये शिरला होता.

पदरात तुकडे घेऊन मी अनवाणी पळाले. कारखान्याकडचा मोठा रस्ता मी कधी एकटीने ओलांडला नव्हता. ट्रकवाले काय ओरडले ते ऐकलंच नाही. कारखान्याच्या दारात त्याला हाक मारली, ती माझी मलाच ऐकू आली नाही. कापसाच्या धुळीत सगळी माणसं सारखी दिसत होती. त्याचा लूम सापडला. चालू होता. समोर कोणी नव्हतं.

मी तिथंच खाली बसले.

मग मागून कोणीतरी दंड धरून उठवलं. तोच होता, हातात सुताची कांडी. बाहेर नेऊन त्याने विचारलं, काय झालं. मी पदर उघडला. तुकड्यांकडं बघत तो म्हणाला, "म्हंजे आता पंखा लावायचा ना?"

मी रडत रडत त्याला बडवलं. सगळा कारखाना बघत होता. संध्याकाळी त्याने लूमच्या सुताने तुकडे जोडले आणि दोन्ही बाशिंगं दाराच्या चौकटीवर खिळ्याला टांगली. दाराला चौकट असते, हे मला महिनाभर दिसलंच नव्हतं.

आता आम्ही काल्हेरला, मुलाच्या फ्लॅटमध्ये. म्हातारा दिवसभर पंख्याखालून हलत नाही. जुनी थकबाकी वसूल करतो म्हणतो. नातीचं लग्न ठरलंय आणि मी शिंदीची पानं चिरतेय. प्रत्येक गाठ दोनदा तपासते. नजर कमी झाली म्हणून, असं सगळ्यांना सांगते. नात म्हणाली, "आजी, आमच्या नव्या घरात फॉल्स सीलिंग हाय. टांगू कुठं?"

"चौकट हाय ना?" मी म्हटलं. पण शेवटची गाठ मारताना तोंडातून आईचेच शब्द निघाले, आणि टेम्पोत ठेवले होते तसेच दोन्ही हात मी बाशिंगावर ठेवले.

पाड्यावर गेले की भावाच्या आढ्याखाली छान झोप लागते. पण घर म्हणाल तर हेच, जिथं माझी माणसं पंख्याचं बटण दाबण्याआधी वर बघतात. आता वर काही नसतं. तरी बघतात. म्हातारा सगळ्यांत आधी.