पाण्यातले बटाटे
चिरलेल्या बटाट्यांच्या पाण्याला एक कच्चा, मातकट वास येतो. तो आला की आमच्या म्हातारीचे दिवस घालून पै-पाहुणे परत गेले ती सकाळ आठवते. म्हातारीला किडनीचं दुखणं होतं. आहारतज्ज्ञ व्हायला शिकणारी नात तिच्यासाठी रोज बटाटे चिरून, त्यातलं किडनीला बाधणारं उतरावं म्हणून पाण्यात भिजवायची, मग ते पाणी ओतून देऊन बिनमिठाची भाजी करायची. म्हातारी ताट सरकवून म्हणायची, "मीठ घाल की गं जरा." त्या सकाळीही नातीनं सवयीनं बटाटे भिजत घातले. ध्यानात आलं तशी पातेल्यापाशीच बसली. "आबा, मी परीक्षेला बसत न्हाय. घरातल्या आज्जीला जगवाय आलं न्हाय मला." माझी शाळा चौथीतच सुटली, समजूत काढणं मला जमत नाही. पाट ओढून म्हणालो, "कर भाजी. आजपासनं मी तुझा पेशंट." "तुम्हाला काय झालंय?" "तू वाढ की." औंदा ती पास झाली, कळंब्याकडं एका दवाखान्यात बसते. आता मीठ खा म्हणून तीच भांडते. मी ऐकत नाही. पहिला घास घेतला की समोरनं आवाज येतो, "मीठ घाल की गं जरा." मी मान वर करत नाही. वर बघितलं तर तो बंद होईल.